पहिल्या बाणाचा टेकू

रूपलाल शरणागत यांची आणि माझी ओळख एका बाणाने करून दिली. २००६ सालच्या मे महिन्यात, सकाळी दहाच्या सुमारास, मी गोंदियाजवळच्या कुडव्याहून निघून मुर्रीच्या पुढे असलेल्या हिरडाटोल्यात स्कूटरवरून शिरलो आणि चौथ्या मिनिटाला तीन फुटांचा एक बाण माझ्या स्टेपनीत घुसून थरथरत उभा राहिला. जाताना त्याने माझ्या कानात काहीतरी सांगितलं. ते काय होतं ते कळलं नाही, पण सूर चांगला नव्हता. आजूबाजूच्या कोंबड्या मेल्याचं सोंग घेऊन आडव्या झाल्या. हापशीवर पाणी भरणाऱ्या बाईचा हात वरच्या वर राहिला आणि पाणी, बहुधा भीतीनेच, पुन्हा खाली उतरलं.

मी विमा एजंट. त्या दिवशी याच गृहस्थांना जीवन विम्याचं महत्त्व पटवून द्यायला निघालो होतो. त्यांनी ते मलाच दोन सेकंदांत पटवून दिलं. हे काम मला कुणाच्याही घरी दोन तासांत जमलेलं नाही.

बाण मारणारा माणूस गोठ्याच्या भिंतीला लावलेल्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, भाऱ्याकडे तोंड करून उभा होता, आणि मी त्याच्या पाठीमागून येत होतो. असं घडणं शक्य नाही, असं मला आजवर एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने आणि तीन मित्रांनी सांगितलं आहे. त्या चौघांपैकी एकानेही रूपलालभाऊंना बाण मारताना पाहिलेलं नाही.

तो माणूस धावत आला. पन्नाशीचा, भरघोस मिशीचा, अंगात बनियन आणि पंचा नेसलेला. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. खाली बसून स्टेपनी निरखली, मग हातातलं भलंमोठं धनुष्य निरखलं आणि उदास होऊन म्हणाला, "काल उजवीकडे गेला होता. आज हा इकडे. तुमी कोन जी?"

घरातून पाण्याचा तांब्या घेऊन एक बाई आल्या. त्या दुर्गेश्वरीबाई, रूपलालभाऊंच्या पत्नी.

"लागलं तं नाई ना जी?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरी येनारे लोक आता मोडावरूनच 'येऊ का' म्हनून आवाज देऊन राहिले. तुमाले कोनी सांगतलं नाई वाटते."

"आवो, पाहुन्याले पानी दे पयले, मंग माही बदनामी कर."

"पानीच देऊन राहिले. बदनामी तुमची तुमीच करता, मले कायले पायजे?"

बाण निघाला तो स्टेपनीची हवा घेऊनच. मी चहाला बसलो आणि विम्याचा विषय काढायचा तो राहूनच गेला. त्याऐवजी दीड तास मी एका बोटाची कथा ऐकली.

हिरडाटोल्यात पूर्वी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सारं गाव मिळून पारध करायचं आणि रानडुक्कर मारून आणायचं. पुढे शिकारीवर बंदी आली. गावाने कायदा पाळला, पण दिवस सोडला नाही. डुकराच्या जागी कोहळा आला. चांगला दहा-बारा किलोचा कोहळा घ्यायचा, त्याला काजळीने काळं करायचं, चुन्याचे डोळे काढायचे, दोन मुळे खोचून सुळे करायचे आणि झाडणीची चार पाती लावून शेपूट. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पाण्याच्या अंगाला मोहाची दोन झाडं होती. त्यांच्यामध्ये दोर बांधायचा, दोराला कप्पी, कप्पीला हा डुक्कर. एक माणूस दोर ओढून त्याला इकडून तिकडे पळवायचा. तीन फेऱ्या झाल्या की चौथ्या फेरीला तीस पावलांवरून पहिला बाण. तो मान शरणागतांच्या घरचा. मग गावातल्या हौशी लोकांचे बाण, आणि संध्याकाळी त्या डुकराची भाजी, पूर्ण शाकाहारी.

मानाला नियम एकच. ज्या घरचा बाण लागोपाठ तीन वर्षं चुकेल, त्या घरचा मान शेजारच्या घरी जाईल. शेजारचं घर म्हणजे रूपलालभाऊंचे चुलत भाऊ यादोराव. आजवर असं कधी झालं नव्हतं.

"आमी माळव्यातून आलो जी," रूपलालभाऊ मला म्हणाले. "धारहून. हे धनुष्य घेऊन आलो."

"नांगर घेऊन आले," आतून आवाज आला. "धनुष्य यांच्या आजोबानं इथल्याच बान बनवनाऱ्या मंगरूच्या बापाकडून बनवून घेतलं."

ते धनुष्य खरोखर देखणं होतं. चांगल्या पिकल्या बांबूचं, माणसाएवढं उंच, मोहाच्या बियांचं म्हणजे टोरीचं तेल तीन पिढ्या पिऊन काळंभोर झालेलं. आजोबांनी त्याने रानडुकरं मारली असं घरात सांगत. वडिलांनी त्याने कोहळे मारले. रूपलालभाऊंनीही बावीस वर्षं कोहळेच मारले. त्याव्यतिरिक्त त्यांच्या हातून मुंगीही मेलेली नव्हती. धानात खरा रानडुक्कर शिरला की ते मचाणावर बसून पत्र्याचा डबा वाजवत आणि तो गेला की त्याच्या दिशेने धनुष्य उगारत.

अशा धनुष्यावर बाण ठेवायला वेगळी जागा नसते. डाव्या मुठीत धनुष्य धरलं की तर्जनीच्या मुळाशी जो उंचवटा येतो त्यावर बाण टेकतो. माणसाचं बोट हाच टेकू. २००४ साली धान काढताना रूपलालभाऊंचा डावा हात थ्रेशरमध्ये गेला आणि नेमकी तर्जनी मुळासकट गेली. म्हणतात की ते ओरडले नाहीत. रक्ताने भरलेला हात समोर धरून त्यांनी एवढंच विचारलं, "आता बान कशावर ठेवू?"

पुढच्या दसऱ्याला त्यांनी तसाच मारून पाहिला. बाण जखमेच्या वणावरून घसरला आणि तलावात लावलेल्या शिंगाड्यांत गेला.

"शिंगाड्याची शिकार झाली जी!" यादोराव ओरडले आणि सारी पाळ हसली. यादोराव माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना सुचलेलं वाक्य पोटात ठेवता येत नसे.

एक वर्ष गेलं. राहिली दोन.

"मानात भेटते काय जी?" रूपलालभाऊंनीच मला विचारलं आणि उत्तरही दिलं. "एक नारळ. आनं भाजीचं पयलं वाढप. पन माहे वडील, बाबाजी, मराच्या साली दोघानं धरून उभे केले होते. डोऱ्यानं दिसत नव्हतं. तरी बान लागला. आता ते माह्याच हातून जाते का? तुमीच सांगा."

मी विम्याचे कागद पिशवीत घातले आणि त्या दिवसापासून या टेकूच्या शोधात सामील झालो.

शोध आधीच जोरात होता. गावातल्या प्रत्येक घराने एकेक टेकू सुचवला होता आणि रूपलालभाऊंनी एकाचंही मन मोडलं नव्हतं. आजोबांच्या धनुष्याला भोक पाडायचं नाही एवढी एकच अट. त्यामुळे सगळं दोऱ्याने बांधायचं. बांबूची खुंटी बांधली. बाण तिच्यावर टकटक वाजायचा आणि त्याचं पीस अडकून भलतीकडे वळायचा. म्हशीच्या शिंगाचा तुकडा घासून बांधला. तो इतका सुंदर झाला की शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या, पण इतका गुळगुळीत की दोरी ताणेपर्यंत बाण त्यावरून उतरून जमिनीवर विसावलेला असे. सायकलच्या ब्रेकचं रबर बांधलं, त्याचा निकाल माझ्या स्टेपनीत लागलाच होता.

"त्यापेक्षा दुसऱ्या हातात धरा ना," दुर्गेश्वरीबाई म्हणाल्या. "उजव्या हाताले बोटं हायत ना पाची?"

गावात दीड वर्षात हे कुणालाही सुचलं नव्हतं. रूपलालभाऊंनी उजव्या हातात धनुष्य धरलं, डाव्या हाताने दोरी ताणली आणि सोडली. पण कोणता हात सोडायचा हे हातांनाच आठवलं नाही. बाण पायाशी पडला आणि धनुष्य उडत जाऊन भाऱ्याला लागलं.

"नेम मस्त हाय," दुर्गेश्वरीबाई म्हणाल्या. "दसऱ्याले धनुष्यच फेका."

शेवटी मी त्यांना गोंदियात भुपेंद्रच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात नेलं. भुपेंद्र कॅरम बोर्ड, बॅडमिंटनची फुलं आणि शाळांना शिट्ट्या विकायचा. त्याने माणसाएवढं धनुष्य दारातून तिरपं होऊन आत येताना पाहिलं आणि आधी गल्ल्याचा कप्पा लावून घेतला.

"काका, क्या चाहिये?"

"बोट पायजे," रूपलालभाऊ म्हणाले.

मी सविस्तर सांगितलं. भुपेंद्र मुलगा हुशार. त्याने दिल्लीच्या कुठल्याशा व्यापाऱ्याकडून आलेलं गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढलं. त्यात शिकारीच्या धनुष्यांचा भाग होता. झुडपाच्या रंगाचे कपडे घातलेले गोरे लोक झुडपातून डोकावत होते, आणि पुढे चार पानं नुसते बाण ठेवायचे टेकू. चिकटवायचे, स्क्रूचे, बाण सुटताच आपोआप खाली पडणारे, तारेचे आणि एक तर चक्क गोल कड्यात दाट केस लावलेला, ज्याच्या मधोमध बाण जाऊन बसतो.

रूपलालभाऊंनी ते पुस्तक घरी मागून नेलं आणि पंधरा दिवस ठेवलं. मुलीसाठी स्थळं पाहावीत तसे त्यांनी ते टेकू पाहिले. हा दिसायला बरा, पण लोखंडाचा आहे, बाणाशी जमणार नाही. हा नाजूक आहे, आमच्या घरी टिकायचा नाही. हा चांगला आहे, पण त्याच्या अपेक्षा फार. एकदा त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, "हे सारे डुकरासाठी हायत का कोहऱ्यासाठीही चालतीन?"

अखेर पसंत पडला तो प्लास्टिकचा, पाठीला गोंद असलेला, काळा आणि बोटाच्याच आकाराचा. तो दिल्लीहून यायला पोळा उलटून गेला. आला तेव्हा त्याची हळद-कुंकू लावून पूजा झाली आणि तो धनुष्याला चिकटवण्यात आला. बोट गेल्यानंतर त्या दिवशी प्रथमच मी त्यांना मुठीकडे पाहून हसताना पाहिलं.

एकच गोष्ट त्या दिल्लीच्या व्यापाऱ्याला, भुपेंद्रला आणि मला ठाऊक नव्हती. तीन पिढ्यांचं टोरीचं तेल प्यालेल्या बांबूवर जगातला कुठलाही गोंद धरत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या गावासमोर रूपलालभाऊंनी दोरी कानापर्यंत ताणली, आणि उन्हाने तापलेला तो टेकू शांतपणे, कसलीही घाई न करता, घसरत घसरत त्यांच्या मनगटावर आला. बाण वर गेला. मोहाच्या झाडावर भोंगा लावला होता, त्याच्या तोंडात तो शिरला. पुढे कित्येक वर्षं तो भोंगा गेंगाणा गात असे.

"गाना बंद केला, बरंच झालं जी!" यादोराव ओरडले.

दुसरं वर्ष गेलं. राहिलं एक.

त्या संध्याकाळी सगळे भाजीकडे गेले तेव्हा मी पाळीवर एकटाच बसलो होतो. मंगरूबाबा मडावी दोर गुंडाळत होते. हेच ते कोहळ्याला पळवणारे. पासष्टीचे, काटक, कमी बोलणारे. ज्यांनी हे धनुष्य बनवलं त्यांचे चिरंजीव. बाणही तेच बनवत.

"रूपलाल पाटलाचं काही खरं नाई जी," ते बिडी पेटवत म्हणाले.

"बोट गेलं ना बाबा. बोट होतं तेव्हा बावीस वर्षं नेम चुकला नाही."

मंगरूबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली.

"नेम? पाटलाले नेम तं बोट होतं तवाही नव्हता जी. दरसाल बान एक हात उजवीकडे जाये. मी कोहरा एक हात उजवीकडे ओढो. दोरी सुटल्याचा आवाज आला का हात आपसूक झटका देते."

बाबांनी एक झुरका घेतला.

"तवा एकच खोड होती, एक हात उजवीकडे. आता? एकडाव शिंगाड्यात, एकडाव भोंग्यात, एकडाव तुमच्या गाडीत. माहा दोर कुठवर धावन?"

"मग आता करायचं काय?"

"टेकू कोनताही घ्या म्हना. लागला नाई तरी चालन. पन चुकला तं रोज एकाच जागी चुकला पायजे. बाकी मी पायतो." मग बिडी विझवून म्हणाले, "हे कोनाले सांगजा नोका जी. पाटलाले तं बिलकूल नोका."

मी शब्द दिला. आता मला एक जुनं कोडं उलगडलं. रूपलालभाऊ नेहमी अभिमानाने सांगत की सरावात आपला बाण कधी लागला नाही आणि मानाच्या दिवशी कधी चुकला नाही. हा ते घराण्याचा गुण समजत. गुण खरा होता. फक्त घराणं मडावींचं होतं.

टेकू मिळाला तो पुढच्या पावसाळ्यात, आणि तो शोधला दुर्गेश्वरीबाईंनी. भुपेंद्रचं ते पुस्तक रूपलालभाऊंनी परत केलंच नव्हतं. बाई एकदा चुलीपाशी ते चाळत बसल्या आणि केसांच्या कड्याच्या चित्रापाशी थांबल्या.

"अजी, हा तं दात घासाचा बुरुश हाय."

रूपलालभाऊंनी चित्र पाहिलं. मोरीत गेले, स्वतःचा ब्रश घेऊन आले. दांडी कापली आणि डोकं मुठीच्या वर केस वरच्या बाजूला करून सुती दोऱ्याने घट्ट बांधलं. वापरून वापरून त्याचे केस एका अंगाला कलले होते. त्यांच्यात बाण ठेवला तर तो घरट्यात पिल्लू बसावं तसा बसला. हलवला तरी हलेना. वाकडं धरलं तरी पडेना.

नागपंचमीपासून सराव सुरू झाला. मंगरूबाबा रोज दुपारी येऊन गोठ्याच्या सावलीत बसत. पहिला बाण भाऱ्यावर लावलेल्या खुणेच्या एक हात उजवीकडे. दुसरा एक हात उजवीकडे. तिसरा, चौथा, दहावा, सगळे एक हात उजवीकडे, एकमेकांना खेटून. बाबांनी उठून हाताने अंतर मोजलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मी पाहिलेलं पहिलं आणि शेवटचं, हसू आलं.

"झालं जी. आता याले हात लावू नोका."

"पन लागून कुठं राहिला गा?" रूपलालभाऊ रडवेले झाले. "सारे बाजूले जाऊन राहिले!"

"दसऱ्याले लागन जी. दसऱ्याची हवा वेगळी रायते."

"हे मातर खरं हाय," रूपलालभाऊ म्हणाले आणि निश्चिंत झाले.

२००७ सालचा दसरा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर जत्रा जमली. यंदा तिसरं वर्ष म्हणून आजूबाजूच्या टोल्यांतलेही लोक आले होते. चटईवर पंच बसले. धनुष्य पाटावर ठेवलं, हळद-कुंकू, फूल, नारळ. तीस पावलांवर, मोहाच्या झाडाखाली, मंगरूबाबा कोहळ्याला सुळे खोचत होते.

यादोरावांनी वाकून धनुष्य न्याहाळलं.

"काय जी रूपलाल, हा बुरुश नवा हाय का वापरला?"

रूपलालभाऊ खोटं बोलू शकत नसत. त्यासाठी लागणारा वेळच त्यांना मिळत नसे. "माहाच हाय," ते म्हणाले.

"मंग उष्टा हाय ना!"

यादोरावांना सुचलेलं वाक्य पोटात राहिलं नव्हतं, एवढंच. पण ते आता पंचांच्या पोटात गेलं. पूजेच्या धनुष्यावर उष्टी वस्तू! पहिला बाण उष्ट्यावरून! वाद पेटला. एक म्हातारे म्हणाले की ब्रश जेवणाच्या आधी तोंडात जातो, तेव्हा तो उष्टा होत नाही, उलट जेवणच ब्रशाचं उष्टं होतं. दुसरे म्हणाले, तोंडात गेलं की उष्टं, मग आधी काय नि नंतर काय. तिसऱ्याने विचारलं की बासरी वाजवतात ती उष्टी का? मीही त्या गर्दीत उभा राहून उष्ट्याच्या बाजूने दोन मुद्देसूद वाक्यं बोललो. ती मला आजही आठवतात आणि मी ती कुणाला सांगत नाही.

निकाल झाला. ब्रश चालेल, पण कोरा.

दुर्गेश्वरीबाई पदर खोचून गावातल्या किराणा दुकानाकडे गेल्या आणि लाल रंगाचा कोरा करकरीत ब्रश घेऊन आल्या. तिथेच दांडी कापली, जुना सोडला, नवा बांधला. त्यावर पुन्हा हळद-कुंकू. सगळे समाधानी. नव्या ब्रशाचे केस सरळ, ताठ, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरांसारखे एका रांगेत उभे होते. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. आणि मोहाखाली कोहळ्याला शेपूट लावत बसलेल्या मंगरूबाबांपर्यंत तर यातला एक शब्दही पोचला नाही.

डुक्कर पळाला. एक फेरी, दोन, तीन. चौथ्या फेरीला रूपलालभाऊंनी धनुष्य उचललं. दुर्गेश्वरीबाईंनी हात जोडले. दोरी कानापर्यंत आली आणि सुटली.

असा बाण मी पुन्हा पाहिला नाही. ना डावीकडे, ना उजवीकडे. आखलेल्या रेषेवरून जावा तसा तो सरळ गेला, जिथे कोहळ्याचा मध्य होता नेमक्या त्या जागेतून पार झाला आणि तलावात बुडाला. फक्त कोहळा तिथे नव्हता. तो एक हात उजवीकडे जाऊन झुलत होता.

"आरारारा!" सारी पाळ म्हणाली. सगळ्यांनी बाण पाहिला होता. कोहळ्याकडे पाहणारा माणूस एकच होता, तो म्हणजे रूपलालभाऊ. ते धनुष्य तसंच हातात घेऊन मोहाच्या झाडाकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो.

मंगरूबाबा दोर धरून उभे होते.

"कवापासून गा, मंगरू?" रूपलालभाऊंनी हळूच विचारलं.

बाबांनी दोर खाली ठेवला. "तुमी पयला बान मारला त्या सालापासून, जी."

"आनं बाबाजीच्या टाईमाले?"

"तवा माहा बाप ओढे. मंग मी."

"बाबाजी मराच्या साली? दोघानं धरून उभे केले होते तवा मारला तो?"

मंगरूबाबांनी तोंड दुसरीकडे वळवलं. "त्या साली तं तीन हात ओढला जी."

रूपलालभाऊ पाण्याकडे वळले. मला वाटलं आता हा माणूस बसतो की पडतो. पण त्यांनी एकदम विचारलं, "आनं आजचा? आजचा सरळ होता ना गा?"

"बिलकूल सरळ, जी. मी नसतो ओढला तं..."

"मधोमध?"

"मधोमध, जी."

"नक्की मधोमध?"

"माह्या लेकराची शपथ, जी. मधोमध."

रूपलालभाऊंची मिशी थरथरली. ते रडत होते की हसत होते ते मला ठरवता आलं नाही. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "भाऊ, चला, पंचांना सांगू. दोर ओढला गेला म्हणू. पुन्हा बाण द्या म्हणू. हा बाण तुमचा लागलेलाच होता!"

"काय सांगू जी?" ते म्हणाले. "का मंगरू ओढते? मंग पंच इचारन, कवापासून? मंग बाबाजीचा बान कुठं ठेवू मी?" मग मंगरूबाबांकडे पाहून म्हणाले, "आनं याले उद्यापासून दोराले कोन हात लावू देईन? हे धनुष्य बनवनाऱ्याचा पोरगा हाय हा."

मंगरूबाबा काहीतरी बोलू गेले. रूपलालभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, चार बोटांचा, आणि पंचांकडे निघाले. गर्दीने वाट दिली. यादोराव पुढे आले. या वेळी मात्र त्यांना काही सुचलं नव्हतं.

"चुकला जी," रूपलालभाऊ पंचांना म्हणाले.

दुर्गेश्वरीबाई धनुष्य घ्यायला पुढे झाल्या. "काऊन चुकला पन? सरळ तं गेला."

"सरळच गेला वो," ते म्हणाले. "घरी चाल, सांगतो."

पंचांनी तीन वर्षं मोजली. पहिल्या बाणाचा मान यादोरावांच्या घरी गेला. त्यांनी तो दोन वर्षं चालवला. २०१० साली पाळ रुंद करताना मोहाची दोन्ही झाडं तोडली, आणि तेव्हापासून हिरडाटोल्यात दसऱ्याचा कोहळा विळीवर चिरतात.